घरदुरुस्तीचे बिल : एक अभ्यास

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. घर उभे करताना माणसाची किती दमछाक होते हे या तीन शब्दांत आले आहे. परंतु ही म्हण घरमालकाच्या तोंडची आहे. ज्याने ते घर बांधले त्या मिस्त्रीच्या तोंडची म्हण मला कोठे आढळली नाही. त्याची बाजू वहीत असते, आणि ती वही बहुधा कोणी वाचत नाही.

माझे वडील नागपुरात गेली बावीस वर्षे मिस्त्रीकाम करतात. अलीकडे ते दुरुस्तीचे लहानसहान ठेकेही घेतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडिलांना अंक येतात, पण लिहिण्याचा कंटाळा. म्हणून सहाव्या वर्गात असल्यापासून त्यांची वही मी लिहिते. त्यामुळे प्रस्तुत विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. तथापि अभ्यास म्हणून लिहावयाचे तर आपल्या माणसाची बाजू घेऊन चालणार नाही. येथे दोन्ही बाजू मांडण्याचा मी प्रयत्न केला आहे. त्यात वडिलांची चूक आली आहे, आणि माझीही.

एका घराचा हिशेब

गेल्या वर्षी मे महिन्यात वडिलांनी एका निवृत्त गृहस्थांच्या घराचे काम घेतले. मृग लागण्यापूर्वी काम उरकायचे होते. तीन खोल्यांतील ओल धरलेले जुने प्लॅस्टर तोडून नवे करायचे, आणि गच्चीवर उतार काढून नवा कोबा घालायचा, एवढे ठरले. रेती, सिमेंट मालकाचे, मजुरी आमची. प्लॅस्टरचा दर तोडण्यासह चौरस फुटाला ३२ रुपये आणि गच्चीचे काम ठेक्याने १४,००० रुपये. प्लॅस्टर साडेबाराशे फुटांच्या आसपास भरेल, म्हणजे सगळे मिळून ‘चौपन्न-पंचावन्न हजारांत होऊन जाईल’, असे वडील बोलले. कागद झाला नाही. कामादरम्यान ४०,००० रुपये उचल मिळाली.

एकोणीस दिवसांनी काम संपले. मी लिहिलेले बिल असे होते :

प्लॅस्टर १,३४० चौरस फूट, दर ३२ रुपये : ४२,८८० रुपये
गच्चीचा कोबा : १४,००० रुपये
गच्चीचा कठडा वाढविणे : ९,५०० रुपये
न्हाणीघराचा उतार व जाळी : ४,२०० रुपये
मलबा उचलणे, ट्रॅक्टरच्या दोन खेपा : ३,६०० रुपये
एकूण : ७४,१८० रुपये
उचल वजा जाता बाकी : ३४,१८० रुपये

मालकांनी बिल पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, “मिस्त्री, पंचावन्न सांगितले होते. पंधरा हजार घ्या आणि विषय संपवा.”

वडील म्हणाले, “साहेब, कठडा उभा हाये ना गच्चीवर. तो का पंचावन्नात होता?”

“तो मी सांगितलाच नव्हता,” मालक म्हणाले.

आणि हे खरे होते. कठडा सांगितला होता त्यांच्या पत्नीने. नातवंडे गच्चीवर खेळतात म्हणून त्या काकूंनी वडिलांना म्हटले होते, “आता माल पडलाच आहे, तर कठडा थोडा वाढवून द्या.” वडील म्हणाले होते, “होऊन जाईल, काकू.” दर काकूंनी विचारला नाही, वडिलांनी सांगितला नाही.

त्यातच पहिल्या पावसात गच्चीच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपले. मग पंधरा हजारही थांबले.

वादाचे मूळ कोठे असते?

बिलाचा वाद बिलाच्या दिवशी उभा राहिल्यासारखा दिसतो. परंतु वहीची पाने मागे उलटीत गेल्यावर मला असे आढळले की त्याचे मूळ कामाच्या सातव्या-आठव्या दिवशी असते. ‘जाता जाता एवढे करून द्या’ आणि ‘होऊन जाईल’ ही ती दोन वाक्ये होत. मालकाच्या मनात पहिल्या वाक्याचा अर्थ ‘त्याच पैशांत’ असा असतो. मिस्त्रीच्या मनात दुसऱ्या वाक्याचा अर्थ ‘त्याचे वेगळे लावू’ असा असतो. दोघेही त्या क्षणी खोटे बोलत नसतात. दर विचारला तर आपण चिकट दिसू असे मालकास वाटते. दर सांगितला तर काम हातचे जाईल अशी मिस्त्रीस भीती वाटते. भिडेपोटी दोघेही गप्प बसतात, आणि या गप्प बसण्याचा हिशेब शेवटी एका कागदावर येतो.

दुसरे कारण ‘अंदाज’ या शब्दात आहे. वडिलांनी सांगितलेला पंचावन्न हजारांचा आकडा त्यांच्या लेखी अंदाज होता, मालकांच्या लेखी तो कबूल केलेला भाव होता. दराने काम आणि ठेक्याने काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दराच्या कामात भिंत जेवढी भरेल तेवढे पैसे. ठेक्यात भिंत कमी-जास्त भरली तरी रक्कम तीच. एकाच घरात प्लॅस्टर दराने आणि गच्ची ठेक्याने घेतली, आणि वर एक गोळाबेरीज सांगून टाकली. मालकांचा गोंधळ झाला तर त्यात सर्वस्वी त्यांचा दोष म्हणता येत नाही.

मोजमापाचा प्रश्न

मालकांनी टेप घेऊन भिंती पुन्हा मोजल्या. त्यांचे माप आमच्यापेक्षा १०६ चौरस फुटांनी कमी भरले. वडिलांनी भिंत ‘सरसकट’ मोजली होती, तर मालकांनी दारे-खिडक्या वजा केल्या होत्या. दोन दारे ३ × ७ फूट, म्हणजे ४२. चार खिडक्या ४ × ४ फूट, म्हणजे ६४. एकूण १०६. जेथे प्लॅस्टरच नाही त्याचे पैसे का द्यावे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड वाटतो. वडिलांचे उत्तर असे की दाराखिडक्यांच्या आतल्या बाजू आणि कडा सरळ काढण्यास सपाट भिंतीहून अधिक वेळ लागतो, आणि त्या कोणी वेगळ्या मोजत नाही. पोकळी मोजली जाते ती त्यांच्या मोबदल्यात.

या प्रश्नावर भारतीय मानक संस्थेचा नियम आहे हे मला या निमित्ताने कळले. बांधकामाच्या मोजमापासाठी आय. एस. १२०० हे मानक असून त्याचा बारावा भाग प्लॅस्टरचा आहे. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांची पोकळी वजा करीत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या पोकळीसाठी, भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखेच प्लॅस्टर असेल तर, एकाच अंगाची वजावट होते. दुसऱ्या अंगाची सोडून दिली जाते, कारण तेवढ्यात कडा व आतल्या बाजू भरून निघतात. तीन चौरस मीटरहून मोठी पोकळी दोन्ही अंगांना वजा होते आणि कडा वेगळ्या मोजल्या जातात. आमची दारे-खिडक्या मधल्या गटात येत होती. म्हणजे मालकांचे पूर्ण वजा करणे बरोबर नव्हते आणि वडिलांचे अजिबात वजा न करणेही बरोबर नव्हते. बाप आणि मालक, दोघांनाही अर्धे-अर्धे बरोबर ठरविणारा हा नियम वाचून मला, खरे सांगायचे तर, जरा हायसे वाटले.

याच वेळी वही पुन्हा तपासताना माझी चूक माझ्या ध्यानात आली. मलब्याची दुसरी खेप ज्या तारखेची होती, त्या दिवशी ट्रॅक्टर दुसऱ्या वस्तीतील कामावर होता. ती खेप मी या घराच्या पानावर उतरवली होती. वडिलांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “उद्या जाऊन सांगून दे. आपलं नाई ते आपलं नाई.” मी गेले आणि सांगितले. मालकांच्या बोलण्यातील धार त्या दिवसापासून कमी झाली, असा माझा अनुभव आहे.

कायदा काय सांगतो?

कागद नाही म्हणजे करार नाही, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. आपल्या देशात १ सप्टेंबर १८७२ पासून लागू असलेल्या भारतीय करार कायद्यानुसार सामान्यतः तोंडी करारही करारच असतो. अडचण त्याच्या वैधतेची नसून पुराव्याची आहे.

पण कठड्याबाबत दरच ठरला नव्हता, आणि सांगणारी व्यक्तीही दुसरी होती. तेथे या कायद्याचे कलम ७० उपयोगी पडते. त्याचा आशय असा : एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्याने मोबदला दिला पाहिजे किंवा वस्तू परत केली पाहिजे. कायद्यातच दिलेले उदाहरण सोपे आहे. एक व्यापारी चुकून कोणाच्या घरी माल ठेवून जातो आणि घरमालक तो आपला समजून वापरतो. तर त्याने व्यापाऱ्याला पैसे द्यावयास हवेत.

या कलमावरील एक महत्त्वाचा निकाल ठेकेदाराच्या बिलाचाच आहे. १९४४ साली बी. के. मंडल आणि सन्स या ठेकेदार संस्थेने बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी बांधकामे केली. खात्याने ती वापरली, पण पैसे देण्याची वेळ आली तेव्हा करार रीतसर स्वरूपात झालेला नाही अशी भूमिका सरकारने घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निर्णय दिला. रीतसर करार नसला तरी लाभ घेतला आहे, तेव्हा मोबदला दिला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. हा प्रमुख निकाल लिहिणारे न्यायमूर्ती साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर होत, ते पुढे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते.

परंतु याच निकालात दुसरी बाजूही सांभाळली आहे, आणि ती विसरता कामा नये. कोणी न विचारता वस्तू आणून ठेवली, तर ती नाकारण्याचे अथवा परत करण्याचे स्वातंत्र्य समोरच्यास असते. त्याने नाकारली तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे मालकाच्या डोळ्यांदेखत काम वाढवीत जावे आणि मागाहून बिल पुढे करावे, अशी मुभा ठेकेदाराला नाही. शिवाय या कलमाखाली मिळतो तो वाजवी मोबदला. मिस्त्री म्हणेल तो आकडा नव्हे. आमच्या बाबतीत मालक रोज संध्याकाळी गच्चीवर येऊन कठड्यावर पाणी मारीत होते. ‘हे काम नको’ असे ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणून मोबदला देणे होते. मात्र ९,५०० हा आकडा वडिलांनी एकतर्फी लावलेला होता.

गळतीविषयी माझे मत असे. दोष राहिला तर तो दुरुस्त करून मागण्याचा, किंवा दुरुस्तीचा खर्च कापण्याचा मालकाचा हक्क उघड आहे. पण एका कोपऱ्याच्या दोषासाठी तीन खोल्यांच्या चांगल्या कामाचे पैसे अडवणे न्याय्य नव्हे. तसेच पैसे अडले म्हणून गळती तशीच सोडणे हेही न्याय्य नव्हे. वडील एका उघडिपीच्या दिवशी गेले आणि तो कोपरा विनामूल्य करून आले. त्यांनी हे कायदा वाचून केलेले नाही.

दाद कोठे मागावी?

येथे दोघांचे रस्ते वेगळे होतात. घरमालक हा पैसे देऊन सेवा घेणारा असल्याने ग्राहक ठरतो. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो जुलै २०२० पासून अमलात आला. काम सदोष असल्यास ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. नागपूरचा आयोग सिव्हिल लाईन्स भागात आहे.

मिस्त्रीला मात्र हे दार नाही. तो सेवा देणारा आहे, ग्राहक नव्हे. आपल्या बिलासाठी त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते. मुदत सर्वसाधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे. तीस हजारांच्या बाकीसाठी किती खेटे घालावे लागतील, याचा विचार करूनच बहुतेक मिस्त्री गप्प बसतात. कायदा दोघांनाही आहे, पण त्याची पायरी एकाला कमी उंच आणि दुसऱ्याला जास्त उंच आहे, असे म्हणावेसे वाटते.

तरी एक मधला मार्ग आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालत भरते आणि दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही तेथे तडजोडीसाठी ठेवता येतात. तेथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो व त्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती इत्यादींना या कायद्याखाली मोफत कायदेविषयक साहाय्यही मिळते.

आमच्या वादाचा शेवट

आम्हाला तेथवर जावे लागले नाही. मालकांच्याच ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसिअर होते. दोन्ही बाजूंनी त्यांचे ऐकायचे ठरले. त्यांनी दारा-खिडक्यांची निम्मी वजावट धरली, म्हणजे ५३ फुटांचे १,६९६ रुपये कमी केले. कठडा मोजून ८,००० लावले. मलब्याची एक खेप मी आधीच सोडली होती. न्हाणीघराचे काम मालकांनी स्वतःच सांगितल्याचे मान्य केले. एकूण ६९,१८४ झाले. बाकी २९,१८४, त्यातील वरचे १८४ वडिलांनी सोडले. पैसे दोन हप्त्यांत मिळाले. शेवटच्या हप्त्यानंतर वडिलांनी ‘हिशेब पूर्ण, बाकी नाही’ असे लिहून सही केली. कमी रक्कम घेऊन पूर्ण फेड मानण्याची मोकळीक करार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून अशी सही पैसे हातात पडल्यावर आणि मनापासूनच करावी.

मधल्या सात आठवड्यांत मात्र मजुरांचा शनिवारचा चुकारा थांबला नाही. तो थांबवता येत नाही. कुली आणि रेजांचे पैसे वडिलांनी उसने आणून दिले. माझी महाविद्यालयाची फी त्याच बाकीतून भरायची होती, ती उशिरा भरली. मालकांच्या दृष्टीने ती अडवलेली रक्कम होती. आमच्या दृष्टीने ती आधीच खर्च झालेली होती. बिलाच्या वादात हा फरक दिसत नाही, म्हणून येथे नोंदवला.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या करारनाम्याची आवश्यकता नाही. वहीचे एक पान पुरे. कोणते काम दराने आणि कोणते ठेक्याने, माप कसे धरायचे, पोकळी वजा की नाही, माल कोणाचा, मलबा कोणी उचलायचा, उचल केव्हा आणि किती, गळती निघाल्यास किती दिवसांपर्यंत दुरुस्ती करून द्यायची. खाली दोघांच्या सह्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाढीव काम सांगताच त्याच दिवशी दर ठरवून त्याच पानावर लिहायचे. लिहिणे जमले नाही तर मोबाईलवर एक संदेश पाठवायचा : ‘कठडा वाढवणे, इतके रुपये, चालेल काय?’ आणि ‘चालेल’ हे उत्तर जपून ठेवायचे. विद्युत स्वरूपातील नोंदीही आज न्यायालयात योग्य रीतीने सादर केल्यास पुरावा म्हणून ग्राह्य आहेत.

असे लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे पुष्कळांना वाटते. मला उलट वाटते. लिहिलेले नसते तेव्हाच आपण माणसाच्या सचोटीवर संशय घेऊ लागतो. आमचे मालक लबाड नव्हते आणि माझे वडीलही नाहीत. तरी सात आठवडे दोघे एकमेकांना तसे समजत होते.

समारोप

आपल्यापैकी पुष्कळ विद्यार्थी माझ्यासारखे पहिल्या पिढीचे आहेत. कोणाचे वडील मिस्त्री, कोणाचे सुतार, कोणाचे रंगारी. आपण शिकून काय करावे हा प्रश्न मोठा आहे. पण नोकरी लागेपर्यंत एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे : घरातल्या त्या वहीत काम सुरू होण्यापूर्वीचे पान लिहिणे. आजवर मी शेवटचे पान लिहीत होते. आता पहिले लिहिते.

आणखी एक. ही वही चाळताना मला दिसले की त्या एकोणीस दिवसांत कामावर दोन रेजा होत्या आणि हजेरी एकीचीच होती. दुसरी माझी आई. तिची रोजी वडिलांनी कधी धरली नाही, आणि इतकी वर्षे ती वही लिहिणाऱ्या मलाही ते खटकले नाही. नव्या वहीत तिच्या नावाचा रकाना मी घातला आहे. पहिल्या दिवशी तो पाहून ती हसली, दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने विचारले, “माझी हजेरी लावली का?”